रेहेकुरीचा माळ आणि मुंजीतलं अजिन

कर्जत म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला घाटाच्या पायथ्याचं स्टेशन आणि तिथला वडा आठवतो. आमचं कर्जत ते नव्हे. आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण आमच्या काकांच्या तोंडी अजून नगरच येतं.) सह्याद्री ओलांडून पाऊस इथवर येईपर्यंत दमलेला असतो. ज्वारी, हरभरा, करडई, माळ आणि मेंढरं. आता त्यात ऊस आलाय, त्याबद्दल पुढे लिहितोच.

तर झालं असं, की भाचीच्या मुलाची मुंज ठरली. पहिली पत्रिका राशीनच्या देवीपुढे ठेवायची हा आमच्याकडचा रिवाज. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी गाडी काढली. गाडीत मी, वय वर्षं ८४ असलेले काका, भाची आणि आठ वर्षांचे उत्सवमूर्ती. वाटेत भाची गुरुजींनी दिलेली यादी मोठ्याने वाचत होती. पळसाचा दंड, मौंजी, लंगोटी, भिक्षावळीचं तबक... आणि मग 'अजिन'. त्यापुढे गुरुजींनीच कंसात लिहिलं होतं, "मिळत नाही, मंत्र म्हणू."

"अजिन म्हणजे काय?" उत्सवमूर्तींनी विचारलं.

मी सांगितलं. बटूने गुरूच्या घरी राहायला जाताना अंगावर काळविटाचं कातडं पांघरायचं, अशी जुनी पद्धत. पुढे पांघरायचं कातडं आक्रसत आक्रसत जानव्याला बांधायच्या दोन बोटं तुकड्यावर आलं. माझ्या मुंजीत, म्हणजे १९७० साली, तो तुकडा होता. आजीने नंतर तो तपकिरीच्या रिकाम्या डबीत घालून ठेवला होता.

"मग मला का नाही?"

"आता कायदा आहे. काळवीट मारता येत नाही, त्याचं कातडं बाळगताही येत नाही."

यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग मला जिवंत दाखवा." काळवीट त्याला माहीत होतं ते एका नटावर चाललेल्या खटल्यामुळे. एवढ्या प्रसिद्ध प्राण्याचं घर आपल्या वाटेवर आहे हे कळल्यावर त्याला थांबवणं शक्य नव्हतं. राशीनला देवीचं दर्शन झालं, हलती दीपमाळ बघून झाली, आणि आम्ही गाडी रेहेकुरीकडे वळवली.

रेहेकुरीचं अभयारण्य १९८० साली जाहीर झालं. आकार २.१७ चौरस किलोमीटर. म्हणजे २१७ हेक्टर, साडेपाचशे एकरांच्या आत-बाहेर. अभयारण्य म्हटल्यावर मनात जे जंगल उभं राहतं तसं इथे काही नाही. बाभळी, हिवर, मधूनमधून कडुनिंब, आणि त्यांच्यामध्ये गुडघ्याएवढं वाळलेलं गवत. मारवेल, पवन्या, कुसळी. कुसळी पायजम्यात घुसली की तुमचं बाकी निसर्गप्रेम काही काळ स्थगित होतं. :) काका मात्र गाडीतून उतरल्या उतरल्या गवताचा एक तुरा चोळून वास घेत म्हणाले, "हा खरा माळ. आता बघायलाही मिळत नाही."

पहिला कळप दिसला तो अर्ध्या तासाने. वीसेक माद्या, फिकट बदामी, पोटाखाली पांढऱ्या. माना खाली घालून चरत होत्या. त्यांच्यापासून थोडा दूर, एका उंचवट्यावर, तो एकटा उभा होता. पोरगा कुजबुजला, "पण हा तर काळा नाहीये." खरंच, कोळशासारखा काळा नव्हता, गडद तपकिरी होता. नर लहानपणी मादीसारखाच बदामी असतो आणि वयाबरोबर काळवंडत जातो. डोळ्यांभोवती पांढरी कडी, पोट पांढरं, आणि डोक्यावर ती पीळदार शिंगं. मादीला सहसा शिंगं नसतात. आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली, जी मलाही चाळिशीनंतर कळली: सांबर, चितळ यांची शिंगं दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात, काळविटाची गळत नाहीत. आपण सरसकट सगळ्यांना हरीण म्हणतो, पण काळवीट आणि चिंकारा हे कुरंग. म्हणजे कोणाच्या भिंतीवर सांबराचं शिंग असेल तर 'रानात पडलेलं सापडलं' असं तो म्हणू शकतो. काळविटाची शिंगं भिंतीवर असतील तर जनावर मेलेलं असतं.

हे मी बोललो आणि काका माझ्याकडे बघायला लागले. कारण आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर काळविटाची शिंगं होती.

इथून पुढचं मी मुख्यतः नातेवाइकांसाठी लिहितोय. ज्यांना आमच्या घरात रस नाही त्यांनी वाचायला हरकत नाही, कारण अशी घरं पुष्कळ होती.

आमच्या घराकडे कुलकर्णीपण होतं. आजोबा सांगायचे, या घराने कधी बंदूक हातात धरली नाही, या घरात कधी मांस शिजलं नाही. ते खरंच होतं. ओसरीवरची शिंगं कोण्या फौजदाराने भेट दिलेली. एका शिंगावर आजोबांची टोपी असायची आणि दुसऱ्यावर छत्री. आणि अजिन? ते दर वर्षी चैत्राच्या आधी एक फासेपारधी घेऊन यायचा. काकांना तो चांगला आठवतो. अंगणाच्या कडेला बसायचा, ओसरीवर येत नसे, म्हणजे येऊ दिलं जात नसे. फडक्यात गुंडाळलेलं कमावलेलं कातडं उलगडायचा. आजोबा त्यातून हवा तेवढा तुकडा कापून घ्यायचे. गावातल्या आणि आसपासच्या मुंजींना तो पुरायचा. बदल्यात ज्वारी. कातडं आत घेण्याआधी त्यावर पाणी शिंपडलं जाई, असंही काकांनी सांगितलं.

त्या कातड्याच्या मागे केवढा इतिहास आहे! मनुस्मृतीत यज्ञाला योग्य असा देश कोणता याची खूण दिली आहे, ती म्हणजे कृष्णसार हरीण जिथे आपणहून हिंडतं तो. त्यापलीकडे म्लेंच्छ देश. याज्ञवल्क्य स्मृतीतही कृष्णसार मृगाच्या देशाचा उल्लेख आहे. म्हणजे धर्माच्या सीमा एका जनावराने आखल्या! आता या जनावराला दाट रान चालत नाही, डोंगर चालत नाही, त्याला लागतो उघडा सपाट माळ, जिथे दूरवरून येणारा शत्रू दिसेल आणि पळायला जागा असेल. कोकणात काळवीट नाही. तेव्हा मनूच्या हिशेबाने आमचं कर्जत पुण्यभूमी आणि आमच्या वहिनींचं माहेर म्लेंच्छ देशात जमा! (वहिनी हे वाचतात. क्षमस्व.) कालिदासाचं शाकुंतल सुरू होतं तेही दुष्यंत कृष्णसार मृगाचा पाठलाग करतोय तिथून, आणि तपस्वी मध्ये पडून राजाला थांबवतात.

पुढच्या राजांना थांबवायला तपस्वी नव्हते. मुघलांची आवडती शिकार म्हणजे पाळलेला चित्ता सोडून काळवीट धरायचं. अकबराकडे हजार चित्ते होते असं जहांगीराने आठवणींत लिहून ठेवलंय. याच जहांगीराने मनसराज नावाचं आपलं लाडकं हरीण मेल्यावर लाहोरजवळ शेखूपुरा इथे त्याच्यासाठी मनोरा बांधला. हिरन मिनार. एका हरणासाठी मनोरा आणि बाकीच्यांवर चित्ते. आमच्या घरातलं अजिनाचं सोवळं मला त्याच जातीचं वाटतं.

चित्त्याची शिकार आपल्याकडे कोल्हापूर संस्थानात अगदी परवापरवापर्यंत चालू होती. शाहू महाराजांना या शिकारीचा मोठा नाद. तिची रीत मोठी विलक्षण होती. चित्ता पिल्लू असताना पकडून उपयोग नसे, कारण शिकार करायला त्याला आई शिकवते, माणसाला ते शिकवता येत नाही. म्हणून मोठा, शिकार येणारा चित्ताच धरायचा आणि माणसाळवायचा. त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीतून माळावर न्यायचं. बैलगाडीच का? तर काळवीट बैलगाडीला भीत नसे. रोज शेतातून जाणाऱ्या गाड्या बघून त्याला त्यांची सवय झालेली. गाडी कळपाजवळ पोचली की टोपी काढायची, चित्ता खाली उतरायचा, दबत दबत पुढे सरकायचा आणि मग काही क्षणांत निकाल. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळतं, पण चित्ता पहिल्या दोन-चारशे मीटरांत त्याला गाठायचा, नाहीतर नाद सोडून बसून राहायचा. जनावर धरलं की चित्तेवान धावत जाऊन पळीत रक्त काढून चित्त्यापुढे धरायचा, मग तो शिकार सोडायचा.

हे चित्ते आपल्या रानांतून संपत गेले. दिव्यभानुसिंह यांनी हिंदुस्थानातल्या चित्त्यावर १९९५ साली पुस्तक लिहिलं, त्यात हा सगळा हिशेब आहे. विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगर ही संस्थानं शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते विकत आणत होती. म्हणजे शिकारीही परदेशी आणायची पाळी आली, पण शिकार सोडवली नाही. १९४७ साली कोरियाच्या राजाने तीन चित्ते मारले, ते हिंदुस्थानातले शेवटचे नोंदलेले म्हणून ओळखले जातात. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं. त्यानंतर २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणून सोडले हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच.

मी उंचवट्यावरच्या त्या नराकडे बघत होतो तेव्हा हेच मनात चाललं होतं. आमच्या गाडीचं दार वाजलं आणि एका मादीने सरळ वर उडी घेतली, चारही पाय जमिनीवरून सुटलेले. मग दुसरी, मग तिसरी, आणि सगळा कळप उड्या मारत मारत वेगाने निघाला. एवढा वेग कशासाठी? इथे आता लांडगा आहे, भटकी कुत्री आहेत. पण हा वेग घडला तो ज्याच्यासाठी, तो इथल्या माळावरून कधीच गेला.

पारध्यांमध्ये एक पोटजमात चित्तेवाल्या पारध्यांची. चित्ते धरणं, माणसाळवणं हे त्यांचं काम. फासेपारधी जनावरांच्या केसांचे, आतड्यांच्या तातीचे फास लावून हरणं, तितर धरत. म्हणजे राजाच्या शिकारीला लागणारं कसब पारध्याचं, आमच्या मुंजीला लागणारं कातडं पारध्याचं. आणि इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला, तेव्हा जन्मतःच गुन्हेगार ठरलेल्यांच्या यादीत पारधीही आले. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, चित्ता गेला त्याच वर्षी. कागदावर रद्द झाला म्हणायचं. आमच्या तालुक्यात चोरी झाली की पहिली धाड कोणत्या पालांवर पडते हे मी सांगायला नको.

काकांना विचारलं, "तो पारधी पुढे कुठे गेला?"

"कोण जाणे. बहात्तरच्या दुष्काळात दिसला होता शेवटचा. रोजगार हमीवर खडी फोडत होता." मग थोड्या वेळाने, "तुझ्या आजोबांनी ओळख दाखवली नाही."

असो.

इतिहासाचा दुसरा धागा गवताचा आहे आणि तो मला शिकारीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण बंदुकीने हरणं कमी केली, पण त्यांची परत यायची जागा गेली ती गवत गेल्यामुळे.

मराठ्यांचं सैन्य म्हणजे घोडदळ. घोड्याला लागतं गवत. म्हणून कुरणं राखलेली असत. कोणत्या पागेला कोणत्या कुरणातलं किती गवत, याचे हिशेब असत. शिंद्यांचं श्रीगोंदा इथून जवळ, अहिल्याबाई होळकरांचं माहेर चोंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात. या भागातून जी घोडी उत्तरेत गेली ती याच गवतावर वाढली असणार. काळविटं त्याच कुरणांत चरत होती. सवाई माधवरावांनी पर्वतीच्या पायथ्याला शिकारखाना ठेवला होता, त्यातही हरणं होती.

घोडदळ गेलं, इंग्रज आले. भीमेपलीकडच्या इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीच्या मोजणीची जी पद्धत बसवली ती पुढे सगळ्या इलाख्यात गेली. पिकाखाली असेल तर सारा, नसेल तर पडीक. गवताच्या माळाला सरकारी भाषेत हे एकच नाव उरलं, पडीक. शब्द किती काम करतात बघा. पडीक म्हटलं की ती जमीन कशाच्या तरी उपयोगी आणायची घाई सुरू होते. धनगराच्या मेंढ्या तिथे शेकडो वर्षं चरतायत, हरणं चरतायत, माळढोक अंडी घालतोय, हे त्या रकान्यात बसत नाही. स्वातंत्र्यानंतरही रकाना तोच राहिला. मग कुठे गायरान वाटलं गेलं, कुठे वसाहत झाली, कुठे कारखाने, आणि जिथे काहीच नाही तिथे खड्डे खणून झाडं लावली. झाडं लावणं म्हणजे पुण्यच, त्याविरुद्ध बोलायचं कसं? पण माळावर दाट झाडं झाली की काळवीट तिथून निघून जातं. दूरचं दिसत नाही, पळायला मोकळीक नाही. हिरवं केलं आणि हरणं गेली, असं या महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी झालंय.

त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या आल्या, रात्री दिवा मारून शिकार सोपी झाली. पीकसंरक्षणाच्या नावाखाली बंदुकांचे परवाने मिळत होते. मुंबई राज्याचा १९५१ सालचा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा होता, पण तो कोणाला माहीत होता? मग १९७२ चा केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला, काळवीट पहिल्या परिशिष्टात गेलं आणि १९८० मध्ये ही २१७ हेक्टर जागा राखली गेली. तोवर इथे बोटांवर मोजण्याइतकी काळविटं उरली होती. आता ती पुन्हा शेकड्यांत आहेत. त्यासाठी कुंपण राखणाऱ्या, पाणवठे भरणाऱ्या, रात्री फिरणाऱ्या वनरक्षकांना मी मनापासून नमस्कार करतो, माझं झाडांबद्दलचं रडगाणं बाजूला ठेवून.

याच सुमाराला, १९७९ साली, सोलापूर-नगर मिळून माळढोकासाठी तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं होतं. त्यात गावंच्या गावं आली, आमचा कर्जत तालुकाही आला. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले, आणि माळढोक म्हणजे शत्रू झाला. पुढे २०१२ मध्ये त्याचं क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आणलं. एवढं करून माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ गेलाच. एवढंसं रेहेकुरी टिकलं आणि ते भलंमोठं टिकलं नाही. यावरून लहान ते चांगलं असा निष्कर्ष काढायला मी धजत नाही. कारण रेहेकुरीची काळविटं रेहेकुरीत राहतच नाहीत, हे आम्हाला संध्याकाळी दिसलं.

ते सांगण्याआधी एक गंमत. काळविटं १९३२ साली टेक्सासमध्ये नेऊन सोडली गेली. तिथे ती इतकी वाढली की आज हजारोंनी आहेत. पाकिस्तानातल्या रानातून काळवीट पूर्ण संपलं, तेव्हा बहावलपूरजवळच्या लाल सोहानरा इथे पुन्हा वाढवण्यासाठी टेक्सासहून जनावरं मागवली. जहांगीराच्या हरणाचा मनोरा ज्या देशात, त्या देशाला हरणं अमेरिकेतून आणावी लागली. माझी चुलत बहीण ऑस्टिनला राहते. मी तिला रेहेकुरीचा फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "अरे, हे तर आमच्याकडे रस्त्याने जाताना दिसतात. पैसे भरून शिकार करतात त्यांची." काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तिला म्हणावं, मुंजीसाठी तुकडा पाठव." आणि स्वतःच खो खो हसले.

पाचच्या सुमाराला उन्हं तिरकी झाली आणि कळप हलू लागले. अभयारण्याच्या आतल्या बाजूला नव्हे, बाहेर. एकामागून एक हरणं हद्द ओलांडून शेजारच्या शेतांकडे निघाली. बाहेर शाळू हुरड्यात आलेला, त्याच्या अलीकडे हरभऱ्याचं शेत. एक बाई बांधावर उभी राहून पत्र्याचा डबा बडवत होती. आम्ही तिच्याजवळ गेलो. रागावलेली नव्हती, दमलेली होती. म्हणाली, रात्रभर जागावं लागतं, आलटून पालटून. भरपाई मिळते म्हणतात, पण पंचनाम्याच्या आणि कागदांच्या फेऱ्या मारण्यापेक्षा डबा वाजवलेला बरा.

"मारावंसं नाही वाटत?" आमच्या उत्सवमूर्तींचा थेट प्रश्न.

"लेकुरवाळी असतात रं ती," बाई म्हणाली, आणि परत डबा वाजवायला लागली.

मला तिथे उभं राहवेना. आम्ही शहरातून येतो, गाडीतून हरणं बघतो, कायद्याचे गोडवे गातो आणि संध्याकाळी घरी जातो. या बाईचा हरभरा ती खातात. २१७ हेक्टरांत शेकडो काळविटं वर्षभर पोसली जात नाहीत, हे साधं गणित आहे. त्यांचं उरलेलं पोट ही बाई आणि तिचे शेजारी भरतायत. पूर्वी त्यासाठी सगळा माळ होता. १९८० सालीच उजनी धरण पुरं झालं. त्याचं पाणी आमच्या तालुक्याच्या दक्षिण कडेला, सिद्धटेकच्या बाजूला टेकलंय. पंप बसले, पाइप आले, आणि जिथे कुसळीशिवाय काही उगवत नव्हतं तिथे ऊस उभा राहिला. माणसं सुखी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याबद्दल कुरकुर करायचा मला काय अधिकार? पण माळ तेव्हाच संपत आला हेही खरं.

परतताना अंधार पडला होता. पोरगा झोपला असं वाटत होतं, पण तो जागा होता.

"काकाआजोबा, मग ती ओसरीवरची शिंगं कुठायत?"

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कायदा झाल्यावर कोणीतरी सांगितलं, घरात ठेवली तर तुरुंगात जाल. तुझ्या पणजोबांनी रात्री काढली आणि विहिरीत टाकली. मी कंदील धरला होता."

"आणि ते अजिन?"

"तेही. डबीसकट."

आजीची ती डबी कुठे गेली हे मला पन्नास वर्षांनी कळलं. मला वाटत होतं, घर आवरताना हरवली.

"कुठली विहीर? आपण बघू या?"

"बुजवली रे," काका म्हणाले. "तिथं आता ऊस आहे."